शिवणीची भोकं

आमच्या बैठकीच्या खोलीत गेली दहा-बारा वर्षं बोरघाटाचं एक जुनं चित्र टांगलेलं होतं. एकोणिसाव्या शतकातलं, धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. मुंबईत जुन्या वस्तूंच्या एका दुकानात घासाघीस करून घेतलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवलंही होतं. मागच्या पावसाळ्यात काचेच्या आत पिवळे ठिपके दिसायला लागले म्हणून फ्रेमवाल्याकडे नेलं. त्याने मागचा पुठ्ठा काढला, कागद अलगद उलटा केला आणि डाव्या कडेवर बोट ठेवलं. सुईची सहा भोकं होती, एका ओळीत. ‘‘पुस्तकातलं पान आहे साहेब. शिवण उसवून काढलंय. कड कापून टाकू? सरळ दिसेल.’’

कड कापू दिली नाही. पण इतकी वर्षं ज्याला मी ‘चित्र’ म्हणत होतो ते एका पुस्तकाचं पान होतं, आणि ते पुस्तक आता कुठेच नाही, हे कळल्यावर त्या भिंतीकडे बघणं अवघड झालं. जुन्या पुस्तकांच्या व्यापारात याला ‘पुस्तक फोडणं’ म्हणतात. नारळ फोडावा तसं. खोबरं ठेवायचं, करवंटी फेकायची.

फोडण्याचा हिशेब सोपा आहे. दीड-दोनशे वर्षांपूर्वीचा, मोठ्या आकाराच्या चित्रांचा ग्रंथ अखंड विकायचा तर त्याला गिऱ्हाईक मोजकं. एखादं ग्रंथालय किंवा एखादा श्रीमंत संग्राहक, तोही वर्षानुवर्षं विचार करणारा. तेच पुस्तक उसवलं की प्रत्येक पानाला स्वतंत्र गिऱ्हाईक मिळतं. डोंगर, धबधबे, ज्वालामुखी पटापट जातात, कारण ते सोफ्याच्या वर शोभतात. मजकुराची पानं कुणी घेत नाही, ती रद्दीत. ऑडुबॉनच्या पक्ष्यांच्या प्रसिद्ध ग्रंथात ४३५ प्लेट, म्हणजे वेगळी छापलेली चित्रांची पानं, होत्या, त्याचेही कित्येक संच असेच पांगले. यात बेकायदा काही नाही. पुस्तक मालकाचं, कात्रीही मालकाची. आपल्याकडच्या १९७२च्या पुरावस्तू कायद्याचा सगळा भर वस्तूंच्या नोंदणीवर आणि त्या देशाबाहेर जाऊ न देण्यावर आहे. देशातल्या देशात, स्वतःच्या दुकानात बसून मालकाने छापील पुस्तकाची शिवण उसवली तर त्याला विचारायला कोणी येत नाही.

मग बिघडतं काय? बऱ्याच पुस्तकांच्या बाबतीत खरंच फारसं बिघडत नाही, हे आधीच मान्य करतो. नुसती देखणी दृश्यं एकत्र बांधलेली कितीतरी पुस्तकं त्या काळात निघाली. पण काही पुस्तकं अशी असतात की त्यांतली चित्रं एकमेकांच्या शेजारी ठेवणं हेच लेखकाचं म्हणणं असतं. यातलं माझ्या माहितीतलं सगळ्यात ठळक उदाहरण अलेक्झांडर फॉन हम्बोल्टच्या एका ग्रंथाचं.

हम्बोल्ट हा बर्लिनमध्ये १७६९ साली जन्मलेला प्रशियन निसर्गअभ्यासक. आईमागे मिळालेला पैसा खर्चून तो एमे बोंप्लाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर १७९९ साली स्पॅनिश अमेरिकेला गेला आणि १८०४ साली परतला. ओरिनोको नदी, बोगोता, कीतो, लिमा, मेक्सिको असा तो प्रवास. १८०२ साली चिंबोरासोच्या चढणीवर तो माथ्याच्या बराच जवळ पोहोचला होता. तेव्हा जगातलं सर्वोच्च शिखर तेच अशी समजूत होती. परतल्यावर उरलेला पैसा ग्रंथ छापण्यात गेला. त्या तीसेक खंडांच्या पसाऱ्यातला एक चित्रग्रंथ १८१० ते १८१३ या काळात पॅरिसमध्ये भागाभागाने निघाला. फ्रेंच नावाचा अर्थ साधारण असा: ‘कॉर्डिलेरा पर्वतरांगांची दृश्यं आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची स्मारकं’. एकूण ६९ प्लेट, त्यांतल्या काही रंगीत, आणि जवळपास प्रत्येक प्लेटवर एक निबंध.

नावातला ‘आणि’ महत्त्वाचा. पहिली प्लेट उघडली की डोंगर दिसत नाही, एका अस्तेक स्त्रीची दगडी मूर्ती दिसते. थोडी पानं उलटली की खोल दरीवरचा नैसर्गिक दगडी पूल, मग तेकेंदामाचा धबधबा, त्याला लागून चोलुलाचा पिरॅमिड. कोतोपाक्सीचा ज्वालामुखी, आणि पुढे अस्तेकांची कालगणना कोरलेली प्रचंड शिळा. युरोपातले विद्वान तेव्हा अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना रानटी समजत; कला म्हणजे ग्रीस आणि रोम, बाकी सगळं बाजूला. हम्बोल्टने त्यांच्याशी समोरासमोर वाद घातला नाही. त्याने बर्फाच्या शिखराशेजारी चित्रलिपीतली पोथी ठेवली, आणि ज्या मुलखात माणसं राहिली तो मुलूख पाहिल्याशिवाय त्यांच्या हातच्या वस्तू कळणार नाहीत, असं सांगितलं. हे सांगणं कुठल्या एका पानावर नाही. ते दोन पानांच्या मध्ये आहे, म्हणजे नेमकं शिवणीत.

पाचवी प्लेट घ्या. किंदिओच्या घाटाची. बाजारात ही सुटी मिळाली तर घेणाऱ्याला दिसेल ते एक रमणीय दृश्य: मागे तोलिमाचं बर्फाळ शिखर, खाली जंगल, वाटेवर काही माणसं. त्यांतला एकजण दुसऱ्याच्या पाठीला बांधलेल्या खुर्चीत बसलाय. गंमत वाटते. आता पुस्तकातला निबंध वाचा. हा घाट ओलांडायला दहा-बारा दिवस लागत आणि वाटेत एक झोपडी नसे. पैसेवाले लोक माणसांच्या पाठीवर बसून तो ओलांडत. या हमालांना ‘कारगेरो’ म्हणत; पाऊणशे किलोच्या वरचं ओझं ते रोज वाहत. आपण घोड्यावरून जातो म्हणतो तसं तिथले लोक ‘कारगेरोवरून जातो’ असं सहज म्हणत, हे हम्बोल्टने नोंदवलंय आणि ते त्याला बोचलेलं दिसतं. तो आणि बोंप्लाँ खुर्चीत बसले नाहीत. चिखलात बुटांच्या चिंध्या झाल्या आणि शेवटचा टप्पा त्यांनी अनवाणी काढला. आपल्याकडे गडावर आणि देवीला डोलीने जाणारे लोक अजून आहेत, त्यामुळे हे पान वाचताना मराठी माणसाला दक्षिण अमेरिका फार लांबची वाटत नाही. मजकूर गेला की चित्रातून हे सगळं जातं आणि उरतो एक छान घाट. माझ्या बोरघाटासारखा.

त्या घाटाच्या चित्राची आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. हम्बोल्टने जागेवर केलं ते कच्चं रेखाटन. त्यावरून पक्कं चित्र काढलं कोखने, रोममध्ये बसून. ते तांब्यावर कोरलं दुटेनहोफरने, श्टुटगार्टला. आणि छापलं गेलं पॅरिसला. यांतल्या चित्रकाराने किंवा कोरणाऱ्याने अँडीज पर्वत कधी पाहिला नव्हता. कोतोपाक्सीचा शंकूही चित्रात आहे तितका रेखीव आणि उभा प्रत्यक्षात नाही. म्हणजे ज्याला आपण ‘डोळ्यांनी पाहिलेलं दृश्य’ समजतो त्यात तीन शहरांतल्या माणसांचे हात आहेत. ही नावं प्लेटच्या तळाशी बारीक अक्षरांत असतात, आणि फ्रेम करताना माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, खाली सगळ्यात आधी जातो तो हाच भाग. माझ्याकडच्या चित्राचाही गेला होता.

आता माझ्या विरुद्ध बोलणाऱ्याची बाजू. ती कच्ची नाही.

पहिलं म्हणजे हा ग्रंथ मुळात अखंड बाहेर आलाच नाही. तो भागाभागाने निघाला, ग्राहकांनी तो आपापल्या सोयीने बांधून घेतला. दुसरं, प्लेटचा क्रम विस्कळीत आहे हे खुद्द हम्बोल्टने प्रस्तावनेत कबूल केलंय. इटली, जर्मनी आणि फ्रान्समध्ये कोरल्या जाणाऱ्या प्लेट वेळेवर एकत्र येईनात, म्हणून भौगोलिक क्रम पाळता आला नाही. लेखक स्वतःच क्रमाला दोष म्हणतो, मग आपण त्यात अर्थ कशाला शोधायचा? तिसरं, पुस्तक फोडणारा म्हणेल की त्याच्यामुळेच सामान्य माणसाच्या घरात दोनशे वर्षांपूर्वीचा अस्सल कागद पोचतो. नाहीतर ही चित्रं फक्त संस्थानिकांनी आणि प्राध्यापकांनी पाहायची का?

पहिल्या दोन मुद्द्यांना माझं उत्तर असं. क्रम वेगळा आणि सोबत वेगळी. पंगतीत कोण कुणाशेजारी बसलं हे बदललं तरी पंगत राहते. निम्मी माणसं उठवून घरी पाठवली की पंगत राहत नाही. विस्कळीत क्रमात का होईना, ज्वालामुखी आणि पोथी एका बांधणीत असावेत हा निर्णय हम्बोल्टचा होता. आणि मधली पानं गेली की काय होतं याचा अनुभव जगाने घेतलेला आहे. १८१४ साली हेलन मारिया विल्यम्सने इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा प्रकाशनाचा आकार लहान झाला आणि ६९ प्लेटपैकी विसेकच त्यात आल्या. इंग्रजी वाचणाऱ्या जगाला, म्हणजे पर्यायाने आपल्यालाही, हम्बोल्ट माहीत झाला तो डोंगर चढणारा, हवामान मोजणारा. पोथ्यांचा आणि मूर्तींचा हम्बोल्ट मागे पडला. त्याच्या मातृभाषेत, जर्मनमध्ये, हा ग्रंथ पूर्ण निघायला २००४ साल उजाडलं, आणि इंग्रजीत २०१२. तोडलेलं पुन्हा जुळवायला जवळपास दोनशे वर्षं गेली.

तिसरा मुद्दा मात्र मला मनापासून पटतो, आणि म्हणूनच माझं म्हणणं पुस्तकांवर बंदी घाला, कायदा करा, व्यापाऱ्यांना पकडा अशा दिशेने जात नाही. सामान्य माणसाला ही चित्रं बघायला मिळायलाच हवीत. प्रश्न इतकाच की ती त्याला कात्रीतून मिळावीत की ग्रंथालयातून.

ग्रंथालयं यावर म्हणतात, म्हणून तर आम्ही कपाटाला कुलूप लावतो. दुर्मिळ विभागाचा अनुभव ज्याने घेतलाय त्याला सांगायला नको. अर्ज, ओळखपत्र, कुणाची तरी शिफारस, ‘साहेब रजेवर आहेत, सोमवारी या’. सोमवारी गेलं की पेन्सिल चालेल, कॅमेरा चालणार नाही. हे सगळं पुस्तकाच्या रक्षणासाठी. मी असल्या खोल्यांत बराच वेळ घालवलाय, आणि तिथल्या तुटपुंज्या पगारावर प्रामाणिकपणे राबणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण कुलपाने पुस्तक वाचतं ही समजूत आता तपासून बघायला हवी. २००५ साली अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात जमिनीवर एक पातं पडलेलं कर्मचाऱ्यांना दिसलं. चौकशीअंती नकाशांच्या एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याने वेगवेगळ्या ग्रंथालयांतून ९७ नकाशे चोरल्याची कबुली दिली. पिट्सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयातला प्रकार त्याहून वाईट. तिथे २०१७ साली दुर्मिळ संग्रहाची तपासणी झाली तेव्हा कळलं की सुमारे पंचवीस वर्षं पुस्तकं आणि पुस्तकांतल्या प्लेट बाहेर जात होत्या. नुकसानीचा आकडा ८० लाख डॉलरच्या घरात. चोर होता त्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे होती तोच. कुंपणानेच शेत खाल्लं. आणि पंचवीस वर्षं कुणाला पत्ता लागला नाही याचं एक मोठं कारण म्हणजे त्या पुस्तकांत काय आहे हे बाहेरच्या कुणाला माहीतच नव्हतं.

लपवून ठेवण्याचा हा खेळ हम्बोल्टनेही पाहिला होता. १७९० साली मेक्सिको शहराच्या मुख्य चौकात खोदताना कोआत्लिक्वे देवीची अवाढव्य मूर्ती सापडली. ती विद्यापीठाच्या आवारात नेली आणि तिथे पुन्हा पुरून टाकली, का तर तरुण मुलं तिच्या नादी लागतील. हम्बोल्ट तिथे पोचला तेव्हा एका बिशपने रदबदली केल्यावर त्याच्यासाठी मूर्ती उकरली. त्याने ती पाहिली. तो गेल्यावर परत माती ओढली. त्याच्या ग्रंथात तिची प्लेट आहे. देवी जमिनीखाली असताना तिचं चित्र युरोपभर फिरत होतं. आपल्या कित्येक दुर्मिळ कपाटांची अवस्था मला याहून वेगळी वाटत नाही. पाहुणा वजनदार असेल तर उकरायचं, तो गेला की पुरायचं.

त्याच ग्रंथात दुसरीही एक प्लेट आहे, पंचेचाळिसावी. ड्रेस्डेनच्या राजग्रंथालयात पडून असलेल्या एका पोथीची पाच पानं हम्बोल्टने तिच्यावर छापली. पोथी माया लोकांची होती, पण हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं. मेक्सिकोतली असावी एवढाच त्याचा अंदाज. पुढे १८३०च्या दशकात अमेरिकेत राहणाऱ्या राफिनेस्क नावाच्या एका विक्षिप्त निसर्गअभ्यासकाने ती छापील पानं पाहिली, त्यांचं नातं पालेंके या जुन्या माया शहरातल्या शिलालेखांशी आहे हे ओळखलं, आणि आडव्या रेघा व ठिपके म्हणजे आकडे आहेत हे उलगडलं. रेघ म्हणजे पाच, ठिपका म्हणजे एक. राफिनेस्कला ड्रेस्डेनला जावं लागलं नाही. मूळ पोथी कुलपातच होती. लिपीचं कोडं सुटायला सुरुवात झाली ती नकलेवरून. दुसऱ्या महायुद्धात ड्रेस्डेनवर बॉम्ब पडले तेव्हा त्या पोथीत पाणी शिरलं आणि काही पानांचं नुकसान झालं. आज अभ्यासक नुकसान झालेल्या जागी आधीच्या नकला बघतात.

म्हणून माझी मागणी अशी की सार्वजनिक पैशावर किंवा सार्वजनिक विश्वासावर चालणाऱ्या प्रत्येक ग्रंथालयाने आपल्याकडच्या असल्या चित्रग्रंथांच्या सगळ्या पानांची उत्तम प्रतीची छायाचित्रं काढावी आणि ती कुणालाही, फुकट, भिंतीवर लावायच्या आकारात छापता येतील अशी खुली करावी. चित्रं तर खुली हवीतच. मजकूर, मुखपृष्ठ, तळाची बारीक नावंसुद्धा. ज्याला फक्त सोफ्यावर चिंबोरासो हवाय त्याला तो दीडशे रुपयांत चांगल्या कागदावर छापून मिळाला तर उसवलेल्या पानाला गिऱ्हाईक कमी होईल. संपणार नाही हे मला कळतं. ‘अस्सल’ कागदाचा सोस असणारे लोक राहणारच. मीही त्यांतलाच होतो. पण दहांतली सात गिऱ्हाइकं अस्सल कागदासाठी येत नाहीत, ती भिंतीसाठी येतात, असा माझा बाजारातल्या गप्पांवरून झालेला ग्रह आहे.

यावर पैशाचा मुद्दा येतो. काही संस्था अशा छायाचित्रांसाठी ‘पुनर्मुद्रण शुल्क’ आकारतात. कशाच्या आधारावर? आपल्या १९५७च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. हम्बोल्ट १८५९ साली गेला. जे पुस्तक सगळ्यांचं झालं त्याची प्रत तुमच्या कपाटात आहे एवढ्यावरून तुम्हाला त्यातल्या दृश्याची मालकी मिळत नाही. युरोपीय संघाने २०१९च्या निर्देशात हे स्पष्टच केलं: हक्कमुक्त चित्राच्या साध्या नकलेवर नवा हक्क निर्माण होत नाही. अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने त्याच्या कितीतरी आधी आपली चित्रं मोकळी केली आणि म्हणून तिथली गर्दी काही ओसरली नाही. स्कॅनिंगचा खर्च खरा आहे, तो शासनाने आणि देणगीदारांनी उचलावा. वाचनालयाच्या दारावर संगमरवरी पाटी लावायला पैसे देणारे आपल्याकडे कमी नाहीत.

आणि स्कॅनिंग म्हणजे कसंबसं नव्हे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने लाखो पुस्तकं वाचवली, त्याबद्दल कृतज्ञ आहे, पण त्यातली चित्रांची पानं बघा. नुसती काळी-पांढरी, छायेच्या जागी डांबर सांडल्यासारखं. घडीची पानं तर अनेक ठिकाणच्या स्कॅनमध्ये न उलगडताच सरकवलेली असतात. असं स्कॅन असलं की अस्सल पानाची किंमत उलट वाढते. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथसंजीवनी’ हा उपक्रम सुरू केला ही दिशा योग्य आहे; आता चित्रग्रंथांना त्यात वेगळी, जास्त काळजीची वागणूक हवी.

यात आपला काय संबंध, असं विचारणाऱ्यासाठी एवढंच. हम्बोल्टला हिमालय बघायचा होता. लंडनला खेटे घालूनही ईस्ट इंडिया कंपनीने त्याला येऊ दिलं नाही. स्पॅनिश वसाहतींबद्दल त्याने जे लिहिलं ते वाचून कंपनीला घाम फुटला असावा. त्याच्या शिफारशीवर म्युनिकचे तीन श्लागिंटवाइट बंधू आले. १८५४च्या ऑक्टोबरात ते मुंबई बंदरात उतरले आणि दख्खनमधून मद्रासकडे गेले. त्यांतला अडॉल्फ १८५७ साली काश्गरला मारला गेला. उरलेल्या भावांनी जो अहवाल छापला त्याच्यासोबत भारत आणि हिमालयाच्या दृश्यांचा एक मोठा अ‍ॅटलास होता. तीही मोठी, रंगीत, भिंतीवर शोभणारी पानं.

स्कॅनिंगला वेळ लागेल, पैसे लागतील, समित्या बसतील. एक काम मात्र उद्यापासून करता येतं आणि त्याला काही लागत नाही: प्लेट मोजणं. प्रत्येक चित्रग्रंथाच्या सुरुवातीला किंवा शेवटी प्लेटची यादी असते. दोन माणसांनी बसायचं, एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने पान उलटायचं. भरलेल्या किती, गहाळ किती, हे आकडे तारखेसह सूचीत सर्वांना दिसतील असे टाकायचे. ६९ असतील तर ६९. ६१ भरल्या तर ६१ लिहायचं, आणि लाजायचं नाही. निदान एकसष्टावी कधी गेली हे तरी पुढच्याला कळेल.